एम-११ ची प्रतिरूपणे मोफत सॉफ्टवेअरने काढताना: आधी कॅरॅक्टर, मग मॅट्रिक्स

नेरूळच्या एका महाविद्यालयात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रकल्पासाठी त्यांना मॅथ्यू गट एम-११ ची सर्व अविघटनीय प्रतिरूपणे (गटाचे घटक मॅट्रिक्सनी दाखवण्याच्या, आणखी तुकडे न पडणाऱ्या रीती) मॅट्रिक्सच्या रूपात हवी आहेत. त्यांनी पायथनमध्ये प्रोग्राम लिहून गटाचे नियमित प्रतिरूपण (गट गुणाकाराने स्वतःच्याच घटकांवर क्रिया करतो ते) तयार केले आणि आयगेन मूल्यांच्या साहाय्याने त्याचे तुकडे पाडले. ए-५ या ६० घटकांच्या गटासाठी उत्तर आले, पण ३ च्या जागी २.९९९९९९ असे आकडे दिसू लागले. एम-११ साठी आठ जीबी मेमरीचा लॅपटॉप गोठला. मार्गदर्शकांनी सुचवलेले सशुल्क सॉफ्टवेअर महाविद्यालयाकडे नाही. गॅप हे मोफत सॉफ्टवेअर त्यांनी बसवले, परंतु त्यातल्या कॅरॅक्टर टेबलमध्ये आकड्यांच्या जागी ए, बी ही अक्षरे आणि टिंबे पाहून त्या थांबल्या. मोफत सॉफ्टवेअरचे उत्तर प्रबंधात विश्वासाने लिहिता येईल का, हाही त्यांचा प्रश्न आहे.

मी ठाण्यात राहतो. गेली बरीच वर्षे शनिवारी दुपारी नौपाड्यातल्या घरी चार-सहा विद्यार्थ्यांबरोबर गॅपवर काम करतो. वाशी-नेरूळकडून ट्रान्स-हार्बरच्या लोकलने येणारे विद्यार्थी त्यांत नेहमीच असतात आणि जवळजवळ प्रत्येकाची पहिली अडचण हीच असते. म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

तुमच्या प्रोग्राममध्ये चूक नव्हती; ज्या वस्तूपासून सुरुवात केली ती वस्तू चुकीची होती. एम-११ ची ऑर्डर, म्हणजे घटकांची संख्या, ७९२० आहे. नियमित प्रतिरूपणात प्रत्येक घटकाचे मॅट्रिक्स ७९२० गुणिले ७९२०, म्हणजे ६,२७,२६,४०० जागांचे होते. प्रत्येक जागेला आठ बाइट धरले तर एका मॅट्रिक्सला सुमारे ५० कोटी बाइट लागतात आणि संमिश्र संख्या वापरल्या तर सुमारे १०० कोटी. दोन जनक घटक (ज्यांच्या गुणाकारांतून सारा गट तयार होतो), त्यांच्या प्रती, आयगेन सदिशांसाठी तेवढीच जागा आणि मधल्या आकडेमोडीची कच्ची वही असा हिशेब केला की आठ जीबी केव्हाच संपतात. शिवाय या प्रचंड प्रतिरूपणात प्रत्येक अविघटनीय प्रतिरूपण स्वतःच्या मितीइतक्या (मॅट्रिक्समधल्या ओळींइतक्या) वेळा येते, म्हणजे ५५ मितीचे प्रतिरूपण त्यात ५५ वेळा दडलेले आहे. आपल्याला हवी असते एकच प्रत.

म्हणून माझा आग्रह असा की आधी कॅरॅक्टर काढावेत आणि मॅट्रिक्सची खरोखर गरज आहे हे ठरल्यावरच मॅट्रिक्सकडे वळावे. कॅरॅक्टर म्हणजे प्रत्येक मॅट्रिक्सचा ट्रेस, कर्णावरच्या संख्यांची बेरीज. ती फक्त घटकाच्या संयुग्मी वर्गावर (गटातल्या घटकांनी h⁻¹gh असे बदलून एकमेकांत नेता येणाऱ्या घटकांच्या समूहावर) अवलंबून असते, त्यामुळे एम-११ च्या ७९२० घटकांऐवजी फक्त १० वर्गांचा विचार पुरतो. फ्रोबेनियसने १८९६ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा तिला मॅट्रिक्सचा आधारही नव्हता, आणि संगणकासाठी आजही तोच रस्ता सर्वांत स्वस्त आहे. जॉन डिक्सन यांनी १९६७ मध्ये ज्या रीतीने तो संगणकाला समजेल असा केला आणि श्नायडर यांनी १९९० मध्ये सुधारला, ती रीत गॅपमध्ये आहे. ती एकदा हाताने करून पाहावी असे मी प्रत्येकाला सांगतो, कारण तुमच्या २.९९९९९९ चे उत्तर तीतच आहे.

ए-५ घ्या. त्याचे पाच संयुग्मी वर्ग आहेत आणि त्यांत अनुक्रमे १, १५, २०, १२ आणि १२ घटक आहेत. प्रत्येक वर्गातल्या घटकांची औपचारिक बेरीज करून अशा दोन बेरजांचा गुणाकार केला तर पुन्हा याच पाच बेरजांचे पूर्णांकी मिश्रण मिळते. त्या पूर्णांकांपासून पाच गुणिले पाचची मॅट्रिक्स तयार होतात, ती एकमेकांशी क्रमनिरपेक्ष असतात आणि त्यांच्या सामाईक आयगेन सदिशांमधून कॅरॅक्टर मिळतात. साठ गुणिले साठच्या जागी पाच गुणिले पाच, आणि एम-११ मध्ये ७९२० च्या जागी दहा. उरतो प्रश्न आकडेमोड कोणत्या संख्यांत करायची हा. दशांश अपूर्णांकांत केली तर पुन्हा २.९९९९९९ येणार. डिक्सन यांनी ती एका मूळ संख्येच्या बाक्यांमध्ये केली. गटातल्या सर्व घटकांच्या ऑर्डरचा (घटकाचा कितवा घात प्रथम ओळखघटक होतो त्या संख्यांचा) लसावि घ्यायचा, ए-५ साठी तो ३०. त्याच्या पटीपेक्षा एकाने मोठी आणि गटाच्या ऑर्डरच्या वर्गमुळाच्या दुपटीहून मोठी अशी मूळ संख्या शोधायची. ६० च्या वर्गमुळाची दुप्पट साडेपंधरापेक्षा किंचित कमी आहे, म्हणून ३१ चालते. दुपटीची अट अशासाठी की या रीतीत मितीचा वर्ग हाती येतो आणि बाक्यांमध्ये त्याची दोन वर्गमुळे असतात. मिती ऑर्डरच्या वर्गमुळापेक्षा मोठी असू शकत नाही, त्यामुळे दोहोंपैकी लहान तेच खरे हे नक्की सांगता येते.

३१ च्या हिशेबात ए-५ च्या तीन मितीच्या कॅरॅक्टरच्या किमती पाच ऑर्डरच्या दोन वर्गांवर १९ आणि १३ येतात. या संख्या खऱ्या जगात कशा आणायच्या? दोनाचा पाचवा घात ३२, म्हणजे ३१ च्या हिशेबात १. तेव्हा १, २, ४, ८ आणि १६ ही येथील एकाची पाचवी मुळे झाली. १९ म्हणजे १ अधिक २ अधिक १६, आणि १३ म्हणजे १ अधिक ४ अधिक ८. दोनाच्या जागी एकाचे खरे संमिश्र पाचवे मूळ ठेवले की पहिली बेरीज (१+√५)/२ होते आणि दुसरी (१−√५)/२. ही फोड अंदाजाने केलेली नाही. कोणते मूळ किती वेळा येते हे घटकाच्या घातांवरच्या किमतींवरून काढता येते: १ हे मूळ किती वेळा येते यासाठी ३+१९+१९+१३+१३ ही बेरीज ६७ येते, ३१ च्या हिशेबात ती ५ आहे, पाचने भागली की १. ४ या मुळासाठी हाच हिशेब ३+२२८+२३४, म्हणजे ४६५ वर येतो. तो ३१ च्या १५ पट आहे, म्हणून उत्तर शून्य. कोठेही दशांशचिन्ह नाही आणि कोठेही अंदाज नाही. एम-११ साठी लसावि १३२० आहे आणि त्याच्या शेजारची १३२१ ही संख्या सुदैवाने मूळच आहे. गॅपच्या पोटात चालते ते याच जातीचे काम आहे.

आता गॅपमधल्या अक्षरांकडे वळू. कॅरॅक्टर टेबलमध्ये प्रत्येक ओळ एका कॅरॅक्टरची आणि प्रत्येक रकाना एका संयुग्मी वर्गाचा असतो. त्यातले टिंब म्हणजे शून्य. अक्षर म्हणजे रकान्यात न मावणारी अपरिमेय किंवा संमिश्र संख्या. तिचा अर्थ टेबलखाली दिलेला असतो. गॅप अशा संख्या एकाच्या मुळांच्या बेरजेच्या रूपात अचूक ठेवते. ई(८) म्हणजे एकाचे आठवे मूळ, ई(११) म्हणजे अकरावे. एम-११ च्या टेबलमध्ये एक अक्षर ई(८) अधिक ई(८) चा घन यासाठी असते, ती संख्या √−२ आहे. दुसरे अक्षर ई(११) चे १, ३, ४, ५ आणि ९ हे घात यांच्या बेरजेसाठी असते. हे पाच घातांक म्हणजे ११ च्या हिशेबातल्या वर्गसंख्या (कोणत्यातरी संख्येचा स्वतःशी गुणाकार) आहेत आणि ती बेरीज (−१+√−११)/२ इतकी होते. अक्षराआधीची तिरकी रेघ संमिश्र संयुग्मी दाखवते. एवढे समजले की टेबल वाचता येते. त्यात मिती १, १०, १०, १०, ११, १६, १६, ४४, ४५ आणि ५५ अशा दिसतील, आणि त्यांच्या वर्गांची बेरीज ७९२० येते की नाही हे कागदावर पडताळून पाहा.

गॅप नवे असताना दोन गोष्टी अनेकांना अडवतात. प्रत्येक आज्ञेच्या शेवटी अर्धविराम लागतो, आणि दोन अर्धविराम दिले तर उत्तर पडद्यावर छापले जात नाही, जे मोठ्या मॅट्रिक्सच्या वेळी आवश्यकच असते. दुसरे म्हणजे चूक झाली की ओळीच्या सुरुवातीला बीआरके अशी खूण येते. ती दिसली की आधी क्विट लिहून बाहेर या आणि मग पुढची आज्ञा द्या. अन्यथा एकात एक अशा अनेक थांब्यांत माणूस अडकत जातो. काही लिनक्स वितरणांत गॅपचा गाभा आणि कॅरॅक्टर टेबलांचे ग्रंथालय वेगवेगळे बसवावे लागतात, हेही पाहून घ्या.

मॅट्रिक्स हवीतच असे तुमच्या मार्गदर्शकांनी ठरवले असेल तर आता कॅरॅक्टर उपयोगी पडतात. सूत्र असे की गट जिथे कमी बिंदूंवर क्रिया करतो तिथून सुरुवात करावी आणि हवे ते प्रतिरूपण नेमके एकदाच येते अशी जागा शोधावी. एम-११ जन्मतःच ११ बिंदूंवर क्रिया करतो. त्या ११ मितीच्या प्रतिरूपणातून एकक प्रतिरूपण (ज्यात प्रत्येक घटक १ ने दाखवला जातो ते) वेगळे केले की पहिले १० मितीचे प्रतिरूपण लगेच मिळते, तेही पूर्णांकांत. ११ बिंदूंच्या जोड्या ५५ आहेत. त्यांच्यावरची क्रिया १, १० आणि ४४ अशी विभागते, म्हणून ४४ मितीचे प्रतिरूपण तिथे आहे. त्याच १० मितीच्या प्रतिरूपणाचा बाह्य वर्ग, म्हणजे दोन सदिशांचे प्रतिसममित गुणाकार, ४५ मितीचा असतो आणि तो अविघटनीयच असतो. ११ मितीचे प्रतिरूपण हवे तर १२ बिंदूंवरची क्रिया घ्यावी.

१६ मितीची जोडी आणि ५५ मितीचे प्रतिरूपण यांसाठी मी ५५ ऑर्डरचा उपगट वापरतो. त्यात ओळखघटक एक, पाच ऑर्डरचे ४४ आणि अकरा ऑर्डरचे १० घटक असतात. त्याच्या सहसंचांवर (उपगटाला एकेका घटकाने गुणून मिळणाऱ्या संचांवर) एम-११ ची १४४ मितीची क्रिया मिळते. १६ मितीचा कॅरॅक्टर तिच्यात किती वेळा येतो हे पाहण्यासाठी उपगटावर त्याच्या किमतींची सरासरी काढायची. ओळखघटकावर १६, पाच ऑर्डरच्या प्रत्येक घटकावर १, म्हणून ४४, आणि अकरा ऑर्डरच्या दहा घटकांपैकी पाचांवर एक संमिश्र किंमत व पाचांवर तिची संयुग्मी. त्या दोघींची बेरीज −१, म्हणून एकूण −५. सोळा अधिक चव्वेचाळीस वजा पाच म्हणजे ५५, भागिले ५५ म्हणजे बरोबर एक. हाच हिशेब ११, ४५ आणि ५५ मितींच्या कॅरॅक्टरांसाठीही एकच देतो, आणि १ अधिक ११ अधिक १६ अधिक १६ अधिक ४५ अधिक ५५ यांची बेरीज १४४ भरते. इतका नेटका हिशेब जुळला की पुढच्या कामाचा अर्धा धोका टळतो.

उरलेली दोन १० मितीची प्रतिरूपणे, ज्यांच्यात √−२ येते, थोडी हट्टी आहेत. त्यांच्यासाठी ८ ऑर्डरचा चक्रीय उपगट घ्यावा. त्याच्या ९९० सहसंचांवरच्या क्रियेत ती दोन्ही एकेकदा येतात. ९९० हा आकडा पाहून घाबरू नका, कारण संपूर्ण मॅट्रिक्स कधीच तयार करायचे नसते. कॅरॅक्टरपासून प्रक्षेपक, म्हणजे सदिशातला हव्या त्या प्रतिरूपणाचा भाग तेवढा वेगळा काढणारी क्रिया, तयार होतो: प्रत्येक घटकाला त्याच्या कॅरॅक्टर-किमतीच्या संयुग्मीने गुणून बेरीज घ्यायची आणि मितीने गुणून ऑर्डरने भागायचे. हा प्रक्षेपक फक्त पहिल्या पाया-सदिशावर लावायचा. ७९२० पर्म्युटेशनांनी एक बिंदू कोठे जातो एवढेच त्यासाठी पाहावे लागते, आणि मिळणारा सदिश शून्य नसतो, कारण क्रिया सर्व बिंदूंना सारखीच वागवते. मग त्या एका सदिशावर दोन जनक आळीपाळीने लावत जायचे आणि नवा, आधीच्यांपासून स्वतंत्र सदिश मिळाला की यादीत टाकायचा. दहाव्या सदिशानंतर नवे काही मिळत नाही. त्या दहा सदिशांच्या पायावर जनकांची मॅट्रिक्स लिहिली की काम झाले. प्रतिरूपण एकदाच येते हे आपण आधी तपासले ते याचसाठी. ते दोनदा येत असते तर एका सदिशातून फुगत जाणारे अवकाश दहावर थांबेलच याची हमी राहिली नसती.

गॅपमध्ये इररिड्युसिबल-रिप्रेझेंटेशन्स नावाची एकच आज्ञाही आहे. गट सॉल्व्हेबल (क्रमविनिमेय थरांत उलगडणारा) असेल तर ती बाउम आणि क्लाउझेन यांच्या रीतीने चांगले काम करते. एम-११ सारख्या साध्या (सिंपल, म्हणजे लहान गटांत न फुटणाऱ्या) गटासाठी ती डिक्सन यांच्या दुसऱ्या रीतीकडे वळते, जी योग्य उपगटाच्या शोधात उपगटांची संपूर्ण जाळी काढायला बसू शकते आणि मोठ्या गटासाठी महाग पडते. रेप्सन हे जोडपॅकेज एका दिलेल्या कॅरॅक्टरसाठी मॅट्रिक्स काढते. तेही वापरून पाहावे. तरी उपगट हाताने निवडण्याची सवय लावून घ्या असे मी म्हणेन, कारण चांगला उपगट ओळखण्याची नजर कोणत्याही आज्ञेने येत नाही.

मर्यादित फील्डवरची (मूळ संख्येच्या बाक्यांसारख्या मोजक्या संख्यांतली) प्रतिरूपणे हवी असतील तर रिचर्ड पार्कर यांचे मीटॅक्स हे साधन आहे. त्याची कल्पना १९८० च्या सुमारास पुढे आली आणि जे-४ हा प्रचंड गट तेव्हा दोन घटकांच्या फील्डवर ११२ मितीच्या मॅट्रिक्सांनी याच पठडीत उभा राहिला. मीटॅक्स जनकांपासून एक यादृच्छिक बेरीज तयार करते, तिने शून्यावर नेलेले सदिश शोधते, त्यांच्यापासून वर सांगितले तसे अवकाश फुगवते आणि खरे उपअवकाश सापडले की प्रतिरूपण तिथे चिरते. सापडले नाही तर नॉर्टनच्या कसोटीने ते अविघटनीय आहे हे सिद्ध करते. गॅपमध्ये हॉल्ट आणि रीस यांच्या सुधारणेसह ते आहे. एकदा गंमत म्हणून नव्हे, समज पक्की व्हावी म्हणून करून पाहा: एम-११ ची १२ बिंदूंवरची क्रिया ३ च्या हिशेबात घ्या. संमिश्र संख्यांवर जी १ आणि ११ अशी विभागली होती ती आता १, १, ५ आणि ५ अशा तुकड्यांत पडते. ऑर्डरला भाग जाणाऱ्या मूळ संख्येच्या फील्डवर माश्कचे प्रमेय (प्रत्येक प्रतिरूपण अविघटनीय तुकड्यांची सरळ बेरीज असते हे सांगणारे) लागू पडत नाही, म्हणून ११ मितीचा तुकडा तिथे फुटला. हीच पाच मितीची प्रतिरूपणे चुका दुरुस्त करणाऱ्या त्रिअंकी गोलाय कोडच्या गणिताशी जोडलेली आहेत, आणि त्यांच्यावर स्वतंत्र प्रकल्प सहज होऊ शकेल.

तयार मॅट्रिक्स हवीत तर अ‍ॅटलसरेप हे गॅपचे जोडपॅकेज इंटरनेटवरून ती आणून देते. येथे नावाचा घोळ होतो, तो टाळा. कॉनवे, कर्टिस, नॉर्टन, पार्कर आणि विल्सन यांचा सांत गटांचा अ‍ॅटलस १९८५ चा; तुम्हाला लागणारी माहिती त्याच्या परंपरेतली आहे. अ‍ॅटलस नावाचे दुसरे सॉफ्टवेअर ली गटांसाठी (फिरवण्यासारख्या सलग बदलणाऱ्या सममितींच्या गटांसाठी) आहे, त्याचा उल्लेख पुढे येईल. अ‍ॅटलसरेपमध्ये प्रत्येक गटाचे प्रमाणित जनक ठरलेले असतात. एम-११ साठी एक जनक २ ऑर्डरचा, दुसरा ४ ऑर्डरचा, त्यांचा गुणाकार ११ ऑर्डरचा आणि त्याखेरीज एका लांब गुणाकारावर आणखी एक अट. तुमच्या पर्म्युटेशन-गटात हेच जनक शोधून काढल्याशिवाय तिथली मॅट्रिक्स तुमच्या घटकांशी जोडू नका.

या ठिकाणी मी स्वतः मार खाल्ला आहे आणि ती गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. एका पावसाळ्यात मी कॅरॅक्टर टेबल ग्रंथालयातून घेतले होते आणि १६ मितीची मॅट्रिक्स स्वतः काढली होती. दोन्ही आपापल्या जागी बिनचूक होती. दोन प्रतिरूपणांचा टेन्सर गुणाकार घेतल्यावर त्यात एकक प्रतिरूपण एकदा यायला हवे होते, ते येईना. पंधरा दिवस प्रोग्राम तपासत बसलो. शेवटी कळले की अकरा ऑर्डरच्या दोन वर्गांना ग्रंथालय ज्या क्रमाने लिहिते त्याच्या उलट क्रम माझ्या गटात पडला होता, त्यामुळे १६ आणि त्याचा संयुग्मी यांची अदलाबदल झाली होती. प्रतिरूपणाचा संयुग्मीशी गुणाकार केला तर एकक मिळते, स्वतःशी केला तर येथे मिळत नाही. या दोन वर्गांना ११ ए आणि ११ बी ही नावे आपण देतो, गट देत नाही. म्हणून एकतर टेबल तुमच्या गटापासूनच काढा किंवा गॅपला ग्रंथालयाचे टेबल तुमच्या गटाच्या वर्गांशी जुळवून द्यायला सांगा; त्यासाठी स्वतंत्र आज्ञा आहे. आणि टेबल सारखे म्हणजे गट सारखा असेही धरू नका. चौरसाच्या सममितींचा ८ घटकांचा गट आणि क्वाटर्निअन गट यांचे कॅरॅक्टर टेबल आकडा न आकडा सारखे आहे. फरक घातांच्या नकाशात आहे, म्हणजे कोणत्या संयुग्मी वर्गातल्या घटकाचा दुसरा घात कोणत्या संयुग्मी वर्गात जातो यात. गॅप टेबलबरोबर तोही साठवते. क्वाटर्निअन गटाच्या दोन मितीच्या कॅरॅक्टरच्या सर्व किमती पूर्णांक असूनही त्याची मॅट्रिक्स वास्तव संख्यांत लिहिता येत नाहीत. हे फ्रोबेनियस-शूर निर्देशक (टेबल आणि घातांचा नकाशा यांवरून निघणारी एक संख्या) −१ आल्याने कळते, आणि मॅट्रिक्स काढायला बसण्याआधी तो पाहावा.

आता विश्वासाचा प्रश्न. गॅपची सुरुवात १९८६ मध्ये आखेन येथे योआखिम नॉयब्युझर यांच्या नेतृत्वाखाली झाली. १९९७ मध्ये त्याचे केंद्र स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला गेले आणि आज ते अनेक विद्यापीठे मिळून सांभाळतात. त्याची प्रत्येक ओळ कोणालाही उघडून वाचता येते. टेबल कोणत्या रीतीने निघाले हे परीक्षकांनी विचारले तर तुम्ही ती ओळ दाखवू शकता. बंद सॉफ्टवेअरमध्ये ते शक्य नसते, आणि सिद्धतेच्या विषयात याला मोठे महत्त्व आहे असे माझे ठाम मत आहे. छापील अ‍ॅटलसमधली बहुतेक टेबले ब्रॉयर, माल्ले आणि ओब्रायन यांनी नव्याने संगणकावर काढून पडताळली, तेही अशी साधने हाती असल्यामुळेच.

याच विश्वासाचे सर्वांत मोठे उदाहरण ई-८ या ली गटाचे आहे. ली गटांसाठीचे अ‍ॅटलस सॉफ्टवेअर फोको द्यु क्लू यांनी लिहिले. त्यांचे नोव्हेंबर २००६ मध्ये निधन झाले. ई-८ च्या एका रूपासाठी ४,५३,०६० गुणिले ४,५३,०६० च्या मॅट्रिक्समधल्या बहुपदी काढायच्या होत्या. पूर्ण आकड्यांसाठी मेमरी पुरेना, म्हणून तीच आकडेमोड २५१, २५३, २५५ आणि २५६ यांच्या बाक्यांमध्ये चार वेळा केली, जेणेकरून प्रत्येक संख्या एका बाइटमध्ये मावेल, आणि शेवटी चिनी शेष प्रमेयाने (वेगवेगळ्या बाक्यांवरून मूळ संख्या काढण्याच्या रीतीने) उत्तरे जोडली. जानेवारी २००७ मध्ये ते काम पूर्ण झाले. सर्वांत मोठा सहगुणक १,१८,०८,८०८ निघाला. तुम्ही ए-५ साठी ३१ च्या हिशेबात जे कराल त्याच कल्पनेचा हा थोर आविष्कार आहे.

इतर साधनांविषयी थोडेच सांगतो. पायथन सोडायचे नसेल तर सेजमॅथ घ्या. त्याच्या आत गॅपच बसलेले आहे, आणि सममित गटांची प्रतिरूपणे यंगच्या आकृत्यांवरून थेट मिळतात. ऑस्कर हे ज्युलिया भाषेवरचे नवे साधन गॅपला संख्या सिद्धांताच्या आणि बीजगणितीय भूमितीच्या साधनांशी जोडते. वेग त्याचा चांगला आहे, पण पहिल्या प्रकल्पासाठी गॅप अधिक बरे. दशांश अपूर्णांकांत केलेली आकडेमोड सर्वस्वी टाकाऊ आहे असेही मी म्हणणार नाही. रेणूंच्या कंपनांसाठी किंवा क्वांटम गणितासाठी ती पुरते, फक्त प्रबंधात सिद्धता म्हणून ती चालणार नाही.

मॅट्रिक्स हाती आल्यावर तीन तपासण्या कराव्यात. जनकांचे संबंध मॅट्रिक्स पाळतात का, दहाही वर्गांच्या एकेका प्रतिनिधीचा ट्रेस टेबलशी जुळतो का, आणि त्या ट्रेसच्या वर्गांची गटावरची सरासरी १ येते का. संमिश्र किमतींसाठी वर्ग म्हणजे संख्या गुणिले तिची संयुग्मी. अवाढव्य छेद दिसले तर पाया बदलून पाहा. परिमेय प्रतिरूपणांसाठी एलएलएल या सदिश लहान करण्याच्या रीतीने लहान पूर्णांकांचा पाया बहुधा मिळतो आणि गॅपमध्ये ती आहे. आणि फाइल जतन करताना तिच्या सुरुवातीलाच गॅपची आवृत्ती, दोन्ही जनक ११ बिंदूंवरच्या पर्म्युटेशनच्या रूपात, आणि ८ ऑर्डरच्या व ११ ऑर्डरच्या वर्गांपैकी ए कोणता धरला त्याचा एकेक घटक लिहून ठेवा. ते लिहिलेले नसेल तर सहा महिन्यांनी त्या फाइलमधले १६ मितीचे प्रतिरूपण कोणते आणि त्याचे संयुग्मी कोणते, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.